अकरा सेकंदांचं तोंड

पडद्यावरच्या बाईने तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच वाक्य बाहेर पडलं. "पिताश्री, मी अनंत ताऱ्यांमधून सदैव आपल्यावर प्रकाशाचा वर्षाव करत राहीन, हे माझं आपल्याला वचन आहे." चित्रपटाचे संवाद त्याने लिहिले होते, पण त्या वाक्यात त्याचं एकही अक्षर नव्हतं. स्टुडिओतल्या छोट्या खोलीत चित्रपट तपासायला सहा माणसं बसली होती. एक जण मोबाइल बघत होता, एकीने पाय खुर्चीवर घेतले होते, मागे कोणीतरी वेफर्सची पिशवी आवाज न करता फोडायला बघत होतं आणि त्यामुळे जास्तच आवाज होत होता. कोणाला काही झालं नाही. त्याला मात्र झालं. काय झालं ते त्याला नीट सांगता आलं नसतं, आपलीच किल्ली आपल्याच कुलपात फिरू नये आणि आतून कोणी तरी "कोण आहे?" म्हणून विचारावं, तसं काहीसं. तो उठला आणि म्हणाला, "थांबवा." एकतीस वर्षांत या इमारतीत तो एवढ्या मोठ्याने कधी बोलला नव्हता, तरी कोणाला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाला ते इतकं मोठं झालं की तोच दचकला. चित्र थांबलं. यानाची कप्तान असलेली ती बाई अर्धवट उघड्या तोंडाने पडद्यावर अडकून राहिली.

परदेशी चित्रपटांचे संवाद आपल्या भाषेत लिहायचं त्याचं काम. तेही असे, की पडद्यावरचे ओठ जिथे मिटतील तिथे आपल्या शब्दातही प, ब, भ, म यांतलं काहीतरी यावं, आणि ओठ हलायचे थांबतील तिथे वाक्यही थांबावं. याला स्टुडिओत तोंड भरणं म्हणत. दातांच्या डॉक्टरसारखं आपलं आयुष्य लोकांच्या तोंडात गेलं, असं तो कधीकधी म्हणे, आणि कोणी हसलं नाही की हा विनोद आपण मागेही केला होता का, या विचाराने दिवसभर बेचैन होई. लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं व्याकरण. तोंडावर काका म्हणत, पाठीमागे व्याकरण. ते त्याला माहीत होतं आणि मनातून थोडंसं आवडतही होतं, पण हे तो कोणाला बोलला नसता.

दिग्दर्शक, म्हणजे आवाज देणाऱ्यांकडून काम करून घेणारा चाळिशीतला माणूस, त्याला बाहेर घेऊन आला. "काका, बसा. पाणी घ्या. चिडू नका."

"मी चिडलेलो नाही. माझं वाक्य कुठे गेलं?"

"कुठलं?"

"पोचले की कळवते."

दिग्दर्शक हसला नाही, हे त्याला बरं वाटलं. पण हसू नये म्हणून त्याने पाण्याचा घोट घेतला, हेही त्याला दिसलं. "काका, वाक्य छान आहे. खरंच छान आहे. पण ती बाई बसस्टँडवर नाहीये हो. यान फुटणारे तिचं. अवकाश आहे, तारे आहेत, मागे शंभर व्हायोलिनं चाललीत. लोकांना तिथे काहीतरी भव्य लागतं."

"कुठल्या लोकांना?"

"लोकांना."

"चंद्राच्या पलीकडे गेलं म्हणून माणूस शिलालेखासारखं बोलायला लागतो का?" तो म्हणाला. "तिला माहितीय की आपण परत येणार नाही. बापाला माहीत नाही. त्याला कळू नये म्हणून ती बोलतेय. मग ती काय बोलेल? निघताना रोज जे बोलते तेच बोलेल ना? आणि तुम्ही तिला प्रकाशाचा वर्षाव करायला लावता. प्रकाशाचा वर्षाव ऐकल्यावर कुठल्या बापाला कळणार नाही, की पोरगी मरतेय?"

दिग्दर्शकाने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग त्याने खरं कारण काढलं, आणि ते असं होतं की त्याच्यावर रागावता येईना. मूळ भाषेतलं वाक्यच लांबलचक होतं. बाईचे ओठ अकरा सेकंद हलतात. 'पोचले की कळवते' दोन सेकंदांत संपतं. उरलेले नऊ सेकंद ती नुसती तोंड हलवत बसली तर लोक यंत्र बिघडलं म्हणून ओरडतील. "तुमचं नियमांचं काम आहे, तुम्हाला मी काय सांगायचं? अकरा सेकंद भरून द्या, तुमचं वाक्य ठेवतो. शब्द देतो. पण उद्या अकराला रेकॉर्डिंग. त्यानंतर प्रत थिएटरांकडे जातेय. आणि पिताश्री मी आणला नाही हां, काका. तो तुमचाच आहे."

हे खरं होतं. घरी येताना बसमध्ये दांडीला धरून उभा असताना त्याला तेच टोचत होतं. वीसेक वर्षांपूर्वी एका पाताळाच्या राजाच्या चित्रपटात राजपुत्राचे ओठ आधी मिटत आणि मग फाकत. 'बाबा' तिथे बसेना, म्हणून त्याने 'पिताश्री' टाकला. एकदाच. पण ते बसलं, आणि बसलं ते उठेचना. पुढे दुसऱ्यांच्या चित्रपटांतले राजपुत्र, राक्षस, यंत्रमानव, निळ्या कातडीचे परग्रहवासी, झाडून सगळे आपापल्या बापांना पिताश्री म्हणायला लागले. 'हे असंभव आहे' हेही त्याचंच. 'मूर्ख मानवा' त्याचं नव्हतं, पण त्याने ते खोडलंही नव्हतं. मग कोणावर संतापायचं? तरी संताप येतच होता. या लोकांना बोलता का येत नाही? भावाला भाऊ सांगतो, तुला ठाऊकच आहे की आपले वडील सात ग्रहांचे सम्राट आहेत. ठाऊक आहे तर सांगतोस कशाला, गाढवा? हजार वर्षांनी जागा झालेला जादूगार डोळे उघडतो आणि नियतीबद्दल बोलतो. त्याला लघवीला लागलेली नसते, त्याचा पाय आखडलेला नसतो. ज्यांनी सूर्यावर जायची यंत्रं बांधली त्यांच्यापैकी एकाचीही वस्तू कधी हरवत नाही, "अरे, इथेच ठेवली होती" असं कोणी म्हणत नाही. विश्व वाचतं किंवा बुडतं, आणि दोन्ही वेळा माणसं भाषण करतात. यातलं काही तो कोणाला कधी बोलला नव्हता. समोरच्या सीटवरच्या बाईने चमकून वर पाहिलं, तेव्हा 'गाढवा' आपण मोठ्याने म्हणालो हे त्याच्या लक्षात आलं. तो एक स्टॉप आधीच उतरला.

बायको शिवणयंत्रावर शेजारणीच्या पडद्याला कड घालत होती. त्याने चप्पल काढता काढता तिला सगळं सांगितलं. ती यंत्र न थांबवता ऐकत होती, त्यामुळे त्याला यंत्राच्या दोन टिपांच्या मधल्या जागा बघून बोलावं लागलं. नंतर तो खिडकीजवळच्या टेबलाशी बसला. लॅपटॉपवर बाईचा तुकडा आवाज बंद करून लावला. अकरा सेकंद. ओठ तिसऱ्या सेकंदाला मिटतात, मग पाचव्याला, आठव्याला, आणि अगदी शेवटी लागोपाठ दोनदा. चाळीसएक अक्षरं लागणार. शेवटाला 'पोचले की कळवते' आलं, तर त्याच्या आधी काय? निघताना मुलगी बापाला काय काय म्हणते? त्याने कोरा कागद घेतला. बापाला, असं वर लिहिलं. आणि मग पेन उचलेना.

त्याच्या मुलीला या कामाची ओळख ती शाळेत जायच्या आधीपासून होती. अक्षरं येत नव्हती तेव्हाही ती आवाज बंद केलेल्या टीव्हीसमोर मांडी घालून बसे आणि परदेशी ओठ एकमेकांना लागले की ओरडे, "मिटले!" तो खूण करी. तिची नजर त्याच्यापेक्षा पक्की होती. मोठी झाल्यावर ती कागद वाचून म्हणायची, "बाबा, हा राक्षस तुमच्यासारखा बोलतोय. 'कृपया' काय म्हणतोय गिळायच्या आधी?" मग कॉलेज, मग आणखी कॉलेज. त्याच्या एका वर्गमित्राची संस्था होती. आयुष्यात कोणाकडे काही न मागितलेला हा माणूस त्या वर्गमित्राकडे तीनदा गेला, तीनदा बाहेरच्या बाकावर बसला, आणि तिच्यासाठी शिकवायची नोकरी ठरवून आला. तेव्हा ती म्हणाली की ती दूरच्या एका गावी मैत्रिणीबरोबर रोपवाटिका काढायला चाललीय. कधी? आज. सांगायचं होतं कधीचं, पण तुम्ही त्या बाकावर बसून आलात, मग सांगवेना. दुपार होती. तो याच टेबलाशी बसून पाताळाच्या राजाचा दुसरा भाग लिहीत होता; राजा थोरल्या मुलीला हद्दपार करतो ते दृश्य. पेन हातात होतं. ती दारात बॅग घेऊन उभी होती आणि तो वळून म्हणाला, "या क्षणापासून तुझं नाव या घरातून पुसलं गेलं आहे."

राजाचंच वाक्य. फक्त 'घराण्यातून'चं 'घरातून' झालं होतं. नऊ वर्षांत त्याने ते वाक्य किती वेळा उलगडून पाहिलं असेल. 'या क्षणापासून' कोण म्हणतं? रागावलेला माणूस कर्मणी प्रयोगात बोलतो का? 'पुसलं गेलं आहे' म्हणजे कोणी पुसलं? 'जा, खड्ड्यात जा' म्हणाला असता तर ती उलटून बोलली असती, बॅग आपटली असती, दोघं भांडले असते आणि संध्याकाळी बायकोने दोघांना जेवायला बसवलं असतं. पण आतून काही यायच्या आधीच ते तयार वाक्य येऊन बसलं, रिकाम्या सीटवर कोणी रुमाल टाकावा तसं. ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिला कळलं असणार की हे कुठून आलं. ओठ आणि वाक्य कुठे जुळत नाही हे ओळखण्यात तिचा हात कोण धरणार? आणि ती काही न बोलता निघून गेली. तेव्हापासून दर रविवारी बायको आतल्या खोलीत तिच्याशी फोनवर बोले, आणि तो बाल्कनीत जाऊन आधीच पाणी घातलेल्या कुंड्यांना पुन्हा पाणी घाली.

"काय झालं? लागत नाही का?" बायकोने यंत्र थांबवलं.

"मुली निघताना काय म्हणतात, तेच आठवत नाही मला. आपली तर काही न बोलताच गेली."

"कोण म्हणतं?"

"मी होतो की इथे. एक शब्द बोलली नाही."

"बोलली की." बायकोने दाताने दोरा तोडला. "चहा झाकून ठेवलाय, म्हणाली."

तो वळला. "कधी?"

"अहो, तेव्हाच. तुम्ही ते तुमचं राजाचं बोललात आणि ती म्हणाली, चहा झाकून ठेवलाय. चप्पल घातली आणि गेली. तुम्ही कुठे हललात? संध्याकाळी मीच तो मोरीत ओतला. वर साय धरली होती चामड्यासारखी."

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"त्यात सांगायचं काय? चहाचं कोणी सांगतं का? मला वाटलं ऐकलं असेल. कान होते की तुम्हाला."

तिने दुसरी कड दुमडली आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. तो तसाच बसून राहिला. आता त्याला ऐकू येत होतं, म्हणजे तिने सांगितलं म्हणून येत होतं की खरंच आठवत होतं, याची त्याला खात्री नव्हती. वयामुळे हल्ली दोन्हींतला फरक कळेनासा झाला होता. पण बशी ठेवल्याचा आवाज आठवला. कपावर बशी उलटी ठेवली की होतो तो आवाज, कौल सरकवल्यासारखा. त्या दुपारी तो आवाज झाला होता, त्याच्या बोलण्याच्या आधी, त्याच्या कोपराजवळ. म्हणजे ती चहा घेऊन सांगायला आली होती, ठेवून दारापर्यंत गेली होती आणि मग बॅग उचलली होती. तो वाट कसली बघत होता? तिने दारात उभं राहून बापाला काहीतरी सुनवावं, याची. रडत, मोठ्याने, व्हायोलिनांसकट. तसं काही आलं नाही म्हणून त्याने नोंद केली, काही बोलली नाही. इतक्या वर्षांत जगातल्या सगळ्या लेखकांवर तो मनातल्या मनात डाफरत होता की तुमची माणसं माणसांसारखी बोलत नाहीत, आणि घरातलं एक माणूस माणसासारखं बोललं ते याला वाक्यच वाटलं नव्हतं. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मग वाटलं, थोबाडीत मारणं हेही सिनेमातलंच. त्याने चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

दुसऱ्या दिवशी अकराला त्याने कागद पुढे केला. आवाज देणारी मुलगी काचेच्या खोलीत कानाला यंत्र लावून उभी होती; काचेअलीकडे दिग्दर्शक, आणि बटणांसमोर ध्वनिमुद्रक, ज्याला सगळे कानसेन म्हणत. दिग्दर्शकाने मोठ्याने वाचलं, "खिडकीशी बसू नका, वारं लागतं. चष्मा उशीखाली ठेवू नका. चहा झाकून ठेवलाय. पोचले की कळवते." तो थांबला. "काका, चहा?"

"का? अवकाशातले लोक चहा पीत नाहीत?"

"पितील हो, पिऊ दे. पण ती चार महिने झाले यानात आहे. बाप खाली आपल्या ग्रहावर. चहा झाकून कधी ठेवला तिने? चार महिन्यांचा चहा?"

कानसेन फिस्सकन हसला. काचेपलीकडची मुलगीही हसली. तिला सगळं ऐकू येत होतं. त्याला आधी संताप आला, अगदी कानशिलं तापली, आणि मग दिसलं की दिग्दर्शकाचं बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर आहे. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या वाक्यांत असली भोकं शोधणाऱ्या माणसाने स्वतःच्या वाक्यात एवढं मोठं भोक ठेवलं होतं. ते वाक्य त्या बाईचं नव्हतं. ते एकाच दुपारचं, एकाच मुलीचं होतं, आणि ते उचलून दुसऱ्या कोणाच्या तोंडात घालायचा त्याला काय अधिकार? त्याने खिशातून पेन काढलं आणि स्वतःच ते खोडलं. दोनदा रेघ मारली.

"झालं. आता दोन सेकंद कमी पडले," दिग्दर्शक घड्याळाकडे बघत म्हणाला. "काका, बाराला दुसरं युनिट आहे. नाहीतर आपलं कालचंच..."

"नाही," तो म्हणाला. "पिताश्री नाही. मी आणला होता, मीच नेतो परत. थांबा जरा."

"मी एक सांगू?" काचेपलीकडून मुलगी म्हणाली. "मी घरातून निघताना म्हणते, जागत बसू नका. आणि ते बसतातच."

त्याने कागदावर लिहिलं. अक्षरं मोजली. बसलं. मुलीने एकदा वाचून पाहिलं, पडद्याकडे बघत, सपाट आवाजात, काही न करता. आणि तसंच करा, तो म्हणाला, काही करू नका, रडू नका. दुसऱ्यांदा रेकॉर्ड झालं. खिडकीशी बसू नका, वारं लागतं. चष्मा उशीखाली ठेवू नका. जागत बसू नका. पोचले की कळवते. आणि पडद्यावरच्या बाईचे ओठ त्यानंतर आणखी दोनदा मिटले, मुक्यानेच.

"शेवट उघडा राहतोय," दिग्दर्शक म्हणाला.

"माहितीय." काल संध्याकाळभर तो त्या दोन मिटण्यांशी झगडला होता. बरं मग. पुन्हा भेटू. काही बसत नव्हतं, 'पुन्हा भेटू' तर खोटंच होतं. त्याने कपाळ चोळलं. "तिथे मला सुचत नाहीये काही. दोन ओष्ठ्य अक्षरं पाहिजेत, मध्ये तोंड पूर्ण उघडं..."

कानसेन खुर्चीतून वळला. वीस वर्षांच्या ओळखीत त्याने संवादांवर कधी मत दिलं नव्हतं. "अहो, काय सुचायचंय त्यात? बघा की तिच्याकडे. बाबा म्हणतेय ती."

सगळ्यांनी पाहिलं. कानसेनने तुकडा मागे घेऊन पुन्हा लावला, आवाज बंद करून. परदेशातली ती बाई, तिच्या कपाळावर रबराचे कसले तरी उंचवटे चिकटवलेले, मागे सगळं जळतंय, आणि ती स्वच्छ, शेजारच्या खोलीतून हाक मारावी तशी, म्हणत होती. लहान मुलालाही दिसलं असतं. त्याने तेवढाच तुकडा पुन्हा एकदा लावायला सांगितला. मग म्हणाला, "हो. तेच आहे." आणि कागदावर तो शब्द लिहिला, त्याचं अक्षर एरवी मोत्यांसारखं, पण इथे दुसरा 'बा' ओळीखाली घसरला.

मुलगी ते बोलली तेव्हा दिग्दर्शकाने तुकडा आणखी एकदा लावून घेतला. थोड्या वेळाने म्हणाला, "ठीक आहे, जाऊ दे प्रत." मग पुन्हा म्हणाला, "लोक हसतील कदाचित, काका."

"हसू देत," तो म्हणाला. आणि बसमध्ये बसल्यावर मात्र त्याला वाटत राहिलं की हसतीलच. की कालचंच बरं होतं. की एका हट्टी म्हाताऱ्याने शंभर व्हायोलिनांच्या मध्ये चष्मा आणि उशी आणून ठेवलीय. पण आता प्रत गेली होती.

घरी कोणी नव्हतं. बायको पडदा द्यायला खाली गेली असावी. दुपारचे दोन वाजले होते, वार बुधवार. मोबाइलमध्ये मुलीचा नंबर बायकोने केव्हाच घालून ठेवला होता. त्याने तो कधी दाबला नव्हता. पहिलं वाक्य ठरवायला तो खुर्चीवर बसला आणि मग, लिहिल्यासारखं होतंय असं वाटून, उभा राहिला. 'कशी आहेस' हे परक्याने विचारावं. 'माझं चुकलं' म्हणजे पुन्हा दरबार भरला. चहाचं काढावं का? ते तर फारच जुळून आल्यासारखं झालं असतं, आणि जुळून आलेल्या वाक्यांचा त्याला तिटकारा होता. बरं, मुलगी ते वाक्य ओळखेल आणि मनात म्हणेल, बाबांनी हेही लिहून आणलंय. त्याने काहीच ठरवलं नाही आणि बटण दाबलं.

चार घंटा वाजल्या. "हॅलो?"

"मी," तो म्हणाला.

तिकडे काही पडल्याचा आवाज झाला. "आईला काय झालं?"

"नाही, नाही. तिला काही नाही. ती खाली गेलीय. पडदा द्यायला."

"मग तुम्हाला काही..."

"मला काही नाही."

"मग?"

त्याने तोंड उघडलं. काहीही आलं नाही. तयार असलेलंही आलं नाही. "मग काही नाही," तो म्हणाला.

ती गप्प होती. समोर ओठ नव्हते, त्यामुळे हे गप्प राहणं कसलं आहे, संपलेलं की चालू असलेलं, ते त्याला ओळखता येईना. दूर कुठेतरी कोणी पत्र्याची बादली ओढत नेत होतं. मग ती घाईघाईने म्हणाली, "अहो, दूध वर येतंय इथे, थांबा. फोन ठेवू नका हां." आणि पावलं धावत दूर गेली.

तो खाली जमिनीवरच बसला, भिंतीला पाठ लावून, आणि दोन्ही हातांनी फोन कानाशी धरून राहिला.